गर्भाशयांतील गांठ : शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांतील एक प्रकरण

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक घरांतून रेडिओचा आवाज लहान केला गेला असेल. रात्रीच्या जेवणाच्या वेळीं, मुलांबाळांच्या देखत, गर्भाशय आणि त्यांतील गांठी यांविषयीं बोलणें आपल्याकडे अजूनहि फारसें रुचत नाहीं. मीहि हा विषय आपण होऊन निवडला नसता. मी मॅट्रिक झालेला एक शाळामास्तर. पस्तीस वर्षें मुलांना इतिहास आणि भूगोल शिकविला, आणि आतां निवृत्त होऊन घरीं बसलों आहें. वैद्यकाशीं माझा संबंध काय तो दुकानांतून औषध आणण्यापुरता. परंतु तीन वर्षांपूर्वीं माझी धाकटी मुलगी पहिल्या खेपेस गर्भार असतांना, तिसऱ्या महिन्याच्या तपासणींत डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें कीं बाळ सुरेख आहे. आणि बाळाच्या शेजारीं लिंबाएवढी एक गांठहि आहे.

त्या रात्रीं आमच्या घरीं कोणी धड जेवलें नाहीं. पत्नी देवापुढें बसून राहिली. विहीणबाईंनीं फोनवरून विचारलें, "मग आधीं गांठ काढून घ्यायची, कीं आधीं बाळंतपण?" मला त्या वेळीं या प्रश्नाचा राग आला होता. पुढें पुस्तकें चाळूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं तो प्रश्न मुळींच अडाणीपणाचा नव्हता. युरोपांतील आणि अमेरिकेंतील नामांकित शस्त्रवैद्य पाऊणशें-शंभर वर्षें हाच प्रश्न स्वतःला आणि एकमेकांना विचारीत होते, आणि त्याचें उत्तर त्यांनीं तीन वेळां बदललें. तीच हकीगत आज सांगणार आहें.

प्रथम ही गांठ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. इंग्रजींत तिला फायब्रॉइड म्हणतात, आणि आतां आपल्या घरांतहि तोच शब्द रूढ झाला आहे. गर्भाशय म्हणजे जाड स्नायूंची एक लहानशी पिशवी. एरवीं ती मुठीएवढी असते. या पिशवीच्या भिंतींतच एखाद्या ठिकाणीं स्नायूचा कण वाढूं लागतो आणि लांकडांतील गांठीसारखी एक घट्ट, गोल गांठ तयार होते. कापून पाहिली तर आंत दोऱ्याच्या गुंड्यासारखे वळसे दिसतात. लंडनचे मॅथ्यू बेली यांनीं १७९३ सालीं रोगट अवयवांच्या रचनेवर जो ग्रंथ लिहिला त्यांत या गांठींचें वर्णन आहे. आणि ही वाढ बाहेरून आलेली नसून गर्भाशयाच्या स्नायूचीच आहे, हें जर्मनींतील रुडॉल्फ विर्खो यांनीं १८५४ सालीं दाखविलें. ती कर्करोगाची गांठ नव्हे. पुष्कळ स्त्रियांना ती असते आणि जन्मभर तिचा पत्ताहि लागत नाहीं. अमेरिकेंत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, पन्नाशीला पोंचेपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकीं सुमारें ७० टक्के आणि कृष्णवर्णी स्त्रियांपैकीं ८० टक्क्यांहून अधिक जणींना अशा गांठी होऊन गेलेल्या असतात असें आढळलें. तेव्हां गांठ असणें ही नवलाची गोष्ट नाहीं. ती कोठें बसली आहे आणि केवढी आहे, यावर सारें अवलंबून असतें. वरच्या बाजूस, बाहेरच्या अंगाला असेल तर ती बहुधा निरुपद्रवी असते; वारेच्या मागें असली तर वार अकालीं सुटण्याची धास्ती; आणि खालीं, गर्भाशयाच्या तोंडापाशीं मोठी होऊन बसली तर बाळाची वाटच अडली.

पण गांठ आहे हें ओळखावें कसें? जोंवर पोटांत डोकावून पाहण्याचें साधन नव्हतें तोंवर खरी अडचण येथेंच होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत गुल्मरोगावर एक अध्याय आहे. त्यांत रक्तगुल्म म्हणून एक प्रकार सांगितला असून तो केवळ स्त्रियांनाच होतो असें म्हटलें आहे. या रोगांत पोट वाढतें, गर्भिणीचीं लक्षणें दिसूं लागतात; भेद एवढाच कीं गर्भ हातपाय हलवितो, आणि रक्तगुल्म सबंध गोळ्यासारखा हलतो. एवढें सांगून ग्रंथकार आज्ञा देतात कीं दहावा महिना उलटल्यावरच याची चिकित्सा करावी. रक्तगुल्म म्हणजेच आजचा फायब्रॉइड, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. जुन्या ग्रंथांवर नव्या चिठ्ठ्या चिकटविण्याचा उद्योग आपल्याकडे पुरेसा चालतो. त्यांत मास्तरांनीं भर घालूं नये. शिवाय फायब्रॉइडनें विटाळ सहसा थांबत नाहीं, उलट अंगावरून अधिक जातें. मला महत्त्वाची वाटते ती त्या दहा महिन्यांमागची वृत्ति. पोटांत मूल आहे कीं गोळा आहे हें निश्चित नसेल, तर औषधानें मुलाचा घात होईल. म्हणून वैद्यानें हात आवरावा.

माझ्या थोरल्या आत्याच्या बाबतींत हे दहा महिने आमच्या घरानें प्रत्यक्ष मोजले होते. लग्नानंतर कित्येक वर्षें तिला मूल नव्हतें. मी सहा-सात वर्षांचा असेन, तेव्हां तिचें पोट दिसूं लागलें. चोरओटी झाली, डोहाळजेवण झालें. हिरव्या साडींतली, फुलांची वाडी घातलेली आत्या मला अजून आठवते. नववा महिना गेला, दहावा गेला, अकरावा लागला. तेव्हां तिला शहराच्या इस्पितळांत नेलें. तेथें तिच्या पोटांतून नारळाएवढी गांठ निघाली, आणि तिच्याबरोबर गर्भाशयहि गेला. आत्या पुढें ऐंशीच्या घरांत जाऊन वारली. प्रकृतीनें खणखणीत होती. परंतु कोणाच्याहि डोहाळजेवणाला ती कधीं गेली नाहीं. आमंत्रण आलें कीं तिला त्याच दिवशीं कांहीं तरी काम निघे.

ही झाली नुसत्या गांठीची गोष्ट. गांठ आणि मूल दोन्ही एकदम असलीं आणि गांठीनें वाट अडविली, म्हणजे काय होत असे? मूल अडलें कीं आईहि गेली, हा पूर्वीचा सरळ हिशेब होता. सुश्रुतानें मूढगर्भाचे प्रकार आणि ते सोडविण्याचे उपाय दिले आहेत. त्यांत गर्भ कोणत्या बाजूनें आडवा आला याचा विचार आहे. वाटेंतच खडक असला तर हातांचें कौशल्य तेथें फारसें चालणारें नव्हतें. उरला मार्ग पोट चिरण्याचा. आणि पोट चिरलेली बाई वांचणें हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चमत्कारच समजला जाई.

१८६८ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं होरेशिओ स्टोरर नांवाच्या शस्त्रवैद्यापुढें अशीच एक स्त्री आली. गर्भाशयाच्या मोठ्या गांठीनें बाळाची वाट पुरती अडविली होती. स्टोररनें पोट चिरलें, गर्भाशय उघडला. मूल आधींच दगावलेलें होतें. तें काढलें, वार काढली, आणि रक्ताचा जो लोंढा सुरू झाला तो कांहीं केल्या थांबेना. शेवटीं दुसरा इलाज न राहिल्यामुळें त्यानें गांठीसकट सबंध गर्भाशयच कापून काढला. शस्त्रक्रिया आरंभितांना हा त्याचा बेत नव्हता. प्रसूतीच्या वेळीं जिवंत स्त्रीचा गर्भाशय काढल्याचें इतिहासांतील हें पहिलें उदाहरण होय. त्या बाईनें ६८ तास झुंज दिली आणि ती वारली.

येथें क्षणभर थांबून हा लोंढा कां येतो तें समजून घेतलें पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्याच्याभोंवतीं फिरतो. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त येत असतें. बाळ जन्मून वार सुटली म्हणजे या रक्तवाहिन्यांचीं तोंडें उघडीं पडतात. त्या वेळीं बाईचा जीव वांचवितो तो गर्भाशयाचा स्नायू. त्याचे धागे एकमेकांत जाळीसारखे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या जाळीच्या फटींतून जातात. बाळ बाहेर येतांच स्नायू आवळतो, फटी मिटतात, आणि रक्त थांबतें. आतां आपण मुठींत एक लिंबू धरून मूठ आवळून पाहा. बोटें पुरतीं मिटत नाहींत. भिंतींत मोठी गांठ असलेल्या गर्भाशयाची तीच गत होते. म्हणून आजसुद्धां अशा स्त्रीच्या बाळंतपणानंतर रक्तस्राव अधिक होण्याचा धोका डॉक्टर ध्यानांत ठेवतात आणि रक्ताची सोय आधीं करून ठेवतात. स्टोररपाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें. रक्ताचे गट असतात हेंच मुळीं १९०१ सालापर्यंत कोणाला ठाऊक नव्हतें.

जें बोस्टनमध्यें नाइलाजानें घडलें तें आठ वर्षांनीं इटलींतील पाव्हिया येथें ठरवून केलें गेलें. २१ मे १८७६ रोजीं एदुआर्दो पोर्रो यांनीं ज्यूलिया काव्हालिनी या पंचवीस वर्षांच्या तरुणीवर शस्त्रक्रिया केली. तिला गांठ नव्हती. मुडदुसानें तिची वाढ खुंटलेली होती आणि कंबरेचा सांगाडा इतका वेडावांकडा होता कीं मूल बाहेर येणेंच शक्य नव्हतें. त्या इस्पितळांत तोंवर पोट चिरून बाळंत झालेली एकहि बाई वांचली नव्हती, हें पोर्रोंना पुरतें माहीत होतें. त्यांनीं जिवंत मुलगी बाहेर काढली. लगेच गर्भाशयाच्या मानेभोंवतीं लोखंडी तारेचा फास आवळला, वरचा गर्भाशय कापून काढला आणि खालचा थोटका भाग पोटाच्या जखमेंतच शिवून टाकला, म्हणजे पुढें कांहीं सडलें-झडलें तर तें बाहेर पडावें, आंत पसरूं नये. आई आणि मुलगी दोघीहि वांचल्या. ही बातमी युरोपभर पसरली आणि पोर्रोंची शस्त्रक्रिया ठिकठिकाणीं होऊं लागली. पहिलें उत्तर हें असें मिळालें : बाई वांचवावयाची तर गर्भाशय द्यावा.

मला वाटतें, आपण या उत्तराला आज निर्दय म्हणूं नये. ज्यांनीं बाळंतिणी डोळ्यांदेखत मरतांना पाहिल्या होत्या त्यांना हा सौदा स्वस्त वाटला असल्यास नवल काय? परंतु सौदा तो सौदाच. विशीपंचविशीच्या स्त्रीला वांचवून घरीं पाठवावयाचें, आणि पुन्हां मूल होण्याची आशा मात्र इस्पितळांतच ठेवून घ्यावयाची.

दुसरें उत्तर जर्मनींतून आलें, आणि या गांठीच्या इतिहासांतील सर्वांत मनोरम भाग मला हाच वाटतो. लाइप्झिग येथील प्रसूतिगृहांत कार्ल क्रेडे हे मुख्य होते. नवजात बालकांच्या डोळ्यांत औषधाचा थेंब घालून अंधत्व टाळण्याची पद्धत ज्यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे तेच हे क्रेडे. त्यांच्या हाताखालीं माक्स सेंगर नांवाचे तरुण वैद्य काम करीत. १८८२ सालीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, सेंगर यांनीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पोट चिरून प्रसूति करण्याच्या आधुनिक पद्धतीचा पाया या ग्रंथानें घातला असें सर्व इतिहासकार मानतात. पण त्या ग्रंथाचें नांव काय होतें? 'गर्भाशयांतील फायब्रॉइड गांठी असतांना करावयाची सिझेरियन शस्त्रक्रिया', आणि त्यापुढें जोडून पोर्रोंच्या पद्धतीशीं तुलना. म्हणजे आज आपल्या शहरांतून ज्या हजारों सिझेरियन शस्त्रक्रिया होतात, त्यांतील बहुतेक स्त्रियांना गांठबीठ कांहीं नसते, तरी त्यांच्या गर्भाशयाला जे टांके पडतात त्यांचें मूळ गांठींवरच्या एका पुस्तकांत आहे.

सेंगर यांचें म्हणणें ऐकावयास अगदीं साधें होतें : गर्भाशय चिरला तर तो शिवावा. आपल्याला वाटेल, यांत सांगण्यासारखें तें काय? धोतर फाटलें तर आपण शिवतोंच. परंतु तोंवर शेंकडों वर्षें गर्भाशय न शिवतांच पोट बंद करीत असत. समज असा कीं स्नायू आपोआप आवळून जखम मिटेल. आणि आंत टांके घातले तर ते पुन्हां काढावयाचे कसे? आंत राहिले तर पू होणार. हा समज निव्वळ मूर्खपणाचा नव्हता, कारण त्या काळच्या अस्वच्छ दोऱ्यानें पू होतहि असे. सेंगर यांनीं अमेरिकेंतील खेड्यापाड्यांतून कांहीं वैद्यांनीं रुपेरी तारेनें गर्भाशय शिवल्याचे वृत्तांत गोळा केले. त्या बाया वांचल्या होत्या, आणि आंतली तार आंतच राहून कांहीं बिघडलें नव्हतें. तेव्हां त्यांनीं रुपेरी तार आणि रेशीम यांनीं दुपदरी टांके घालण्याची रीत बारकाईनें लिहून काढली. त्याच वर्षीं लिओपोल्ड यांनीं त्या रीतीनें शस्त्रक्रिया केली. न्यायाची गोष्ट म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं आदल्याच वर्षीं, १८८१ सालीं, हायडेलबर्गजवळ फर्डिनांड केरर यांनींहि गर्भाशयाला दुपदरी टांके घातले होते. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धति १८६७ पासून प्रसिद्ध होती. तिच्यावांचून हे टांके टिकले नसते. इतिहासांत एका शोधाला एकच बाप क्वचित् असतो. परीक्षेच्या सोयीसाठीं आम्ही मास्तर मंडळी तो एक करून टाकतों, एवढेंच.

मूल वांचलें, आई वांचली, गर्भाशयहि वांचला. पण गांठ? ती तेथेंच राहिली होती.

नुसती गांठ काढण्याचे प्रयत्न अमेरिकेंत आधींपासून चालूं होते. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल नांवाच्या गिरणगांवीं १८५३ सालीं वॉल्टर बर्नहॅम आणि गिलमन किंबॉल या दोघांनीं वेगवेगळ्या स्त्रियांचे गांठी असलेले गर्भाशय काढले आणि त्या जगल्या. बर्नहॅमला तर वाटलें होतें कीं गांठ अंडाशयाची आहे. पोट चिरल्यावर रोग्याला उलटी झाली, गांठीसकट गर्भाशय बाहेर आला आणि आंत जाईना, म्हणून त्यानें तो कापला. पुढें शस्त्रक्रिया सुरक्षित झाली तशी गर्भाशय काढणें हाच गांठींवरचा राजमार्ग ठरला. गांठी तेवढ्या सोलून काढून गर्भाशय राखावा असें म्हणणारे थोडे होते. १८९८ सालीं लिव्हरपूलचे विल्यम अलेक्झांडर यांनीं तें लिहून मांडलें. पण सोलतांना रक्त फार जाई, आणि गर्भाशय काढून टाकणें शस्त्रवैद्याला सोपें पडे.

या सोपेपणाला ज्यांनीं जन्मभर विरोध केला ते लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळांतील व्हिक्टर बॉनी. त्यांचा जन्म १८७२ चा, मृत्यु १९५३ चा. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचा गर्भाशय गांठींमुळें काढावा लागला होता, आणि त्या दांपत्याला मूल झालें नाहीं. बॉनींनीं गर्भाशयाच्या मुख्य रक्तवाहिन्या तात्पुरत्या दाबून धरणारा एक चिमटा तयार केला. चिमटा लावला कीं लोंढा थांबतो. मग एकाच चिरेतून जवळच्या, दूरच्या, मागच्या गांठी एकामागून एक सोलून काढावयाच्या, पोकळ झालेल्या जागा शिवून टाकावयाच्या आणि चिमटा सोडावयाचा. १९४६ सालीं, चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं या शस्त्रक्रियेच्या बारीकसारीक तपशिलांवर स्वतंत्र पुस्तक काढलें. वास्तविक या वयांत माणसें आत्मचरित्र लिहितात. त्यांच्या घरीं जें घडलें त्याचा त्यांच्या कामावर किती परिणाम झाला तें मोजण्याचें माप माझ्यापाशीं नाहीं. पण वाचतांना मला सारखी हिरव्या साडींतली आत्या दिसत होती. ती गांठ एखाद्या बॉनीच्या हातीं पडती तर, असें मनांत येई. आणि लगेच दुसरेंहि मनांत येई कीं नारळाएवढ्या गांठीपुढें त्यानेंहि हात टेकले असते कदाचित्.

बॉनींच्या पद्धतीनें गांठी काढलेल्या स्त्रियांना पुढें मुलें झालीं. तेव्हां विहीणबाईंच्या प्रश्नाला, "आधीं गांठ काढावी आणि मग गर्भ राहूं द्यावा," हें उत्तर कांहीं स्त्रियांपुरतें मिळालें. पण गर्भ आधींच राहिला असेल तर? या बाबतींत शस्त्रवैद्य हळूहळू, अनुभवानें पोळून, तिसऱ्या उत्तराला येऊन पोंचले. गर्भार गर्भाशयाला रक्ताचा पुरवठा इतका असतो कीं त्यावर सुरी चालविणें म्हणजे भरल्या पाटाचा बांध फोडणें. शिवाय गर्भपाताची भीति. म्हणून अगदीं विरळा प्रसंग सोडला, उदाहरणार्थ देंठावर लोंबणारी गांठ पीळ पडून बसली असेल, तर गर्भारपणांत गांठीला हात लावूं नये. बहुतेक गांठी गर्भारपणांत फारशा वाढतहि नाहींत.

हें वाचून मला जरा धीर आला होता, तोंच पांचव्या महिन्यांत मुलीच्या पोटांत एकाएकीं असह्य दुखूं लागलें. अंगांत ज्वर भरला. हात लावूं देईना. जांवई कांपत्या आवाजांत म्हणाले, "बाबा, आतां तरी काढायलाच सांगा." मीहि तेंच सांगण्याच्या तयारीनें गेलों होतों. डॉक्टरीणबाईंनीं तपासलें आणि शांतपणें सांगितलें कीं गांठीला रक्त पुरेनासें झालें म्हणजे ती आंतून मरूं लागते, कापली तर कच्च्या मांसासारखी लाल दिसते. या गांठींचें गर्भारपणांतील सर्वांत नेहमींचें दुखणें तें हेंच. मुलीला निजवून ठेवावें, पाणी द्यावें, वेदना शमविणारें औषध आपण देऊं तेवढेंच द्यावें. "आणि शस्त्रक्रिया?" मीं विचारलें. त्या म्हणाल्या, "काका, इथें कांहीं न करणं हेंच करायचं असतं." आठ दिवसांत दुखणें ओसरलें. ते आठ दिवस माझ्या पत्नीनें आणि मीं कसे काढले तें सांगत बसत नाहीं.

पण त्या बाई हें इतक्या निश्चयानें कशाच्या आधारावर सांगूं शकल्या? पूर्वीं असें दुखणें आलें कीं आंत्रपुच्छ सुजलें असेल, वार सुटली असेल, अशा शंकेनें कित्येकदां पोट उघडलें जाई. बाईंनीं मात्र सोनोग्राफीच्या पडद्यावर गांठ पाहिली, वार पाहिली, बाळाच्या हृदयाची धुकधुक पाहिली. या यंत्राच्या जन्मकथेंतहि आमची गांठ आहेच. स्कॉटलंडांतील ग्लासगो येथें ईयन डोनाल्ड हे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. महायुद्धांत विमानदलांत असल्यामुळें रडारची त्यांना ओळख होती. जवळच रेन्फ्रू येथें बाष्पपात्रें बनविणारा बॅबकॉक अँड विल्कॉक्स यांचा कारखाना होता. तेथें लोखंडाच्या आंतील भेगा कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून शोधीत असत. १९५५ सालीं एके दिवशीं डोनाल्ड आपल्या इस्पितळांत काढलेल्या फायब्रॉइड गांठी आणि पाण्यानें भरलेल्या अंडाशयाच्या गांठी मोटारींत भरून त्या कारखान्यांत घेऊन गेले. तुलनेसाठीं कारखान्यानें मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता! यंत्र लावून पाहिलें तों घट्ट गांठ एका तऱ्हेनें प्रतिध्वनि देते आणि पाण्याची गांठ निराळ्या तऱ्हेनें, असें स्पष्ट दिसलें. १९५८ सालीं डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राउन यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. असाध्य कर्करोग म्हणून सोडून दिलेल्या एका स्त्रीच्या पोटांत पाण्याची गांठ आहे हें त्या यंत्रानें ओळखलें होतें, आणि ती काढल्यावर बाई बरी झाली होती. चरकसंहितेंत ज्यासाठीं दहा महिने सांगितले तें काम आतां पंधरा मिनिटांत होऊं लागलें.

एक गोष्ट मात्र निकालांत निघालेली नाहीं. सिझेरियन करतांना पोट उघडलेंच आहे, तर त्याच वेळीं गांठ काढावी कीं नाहीं? रक्तस्रावाच्या भीतीनें अनेक दशकें याला साफ मनाई होती. अलीकडे कांहीं शस्त्रवैद्य निवडक स्त्रियांत ती काढूं लागले आहेत, आणि तज्ज्ञांत यावर मतभेद आहेत. त्यांत मीं पडूं नये हें उत्तम.

आमच्या मुलीवर ती वेळ आली नाहीं. तिची गांठ वरच्या बाजूला होती. वाट मोकळी होती. दिवस भरल्यावर नैसर्गिक रीतीनें मुलगा झाला. दोन बाटल्या रक्त आधींच आणवून ठेवलें होतें. बाळ रडल्याचा आवाज दाराबाहेर आम्हीं ऐकला, पेढ्यांची भाषा सुरू झाली. पण दार कांहीं लवकर उघडेना. आंत रक्त अधिक जात होतें. इंजेक्शन दिलें होतें, आणि एक परिचारिका मुलीच्या पोटावरून गर्भाशय हातानें चोळीत उभी होती, मूठ वळावी म्हणून. हें मला मागाहून कळलें. त्या वेळीं मीं फक्त घड्याळ पाहिलें. पंचवीस मिनिटें झालीं. मग दार उघडलें. बाटल्यांना हात लावावा लागला नाहीं, त्या दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगीं पडल्या.

नातू आतां अडीच वर्षांचा आहे आणि माझा चष्मा लपवून ठेवतो. गांठ अजून आहे. गेल्या महिन्यांत पाहिली तेव्हां आवळ्याएवढी राहिली होती. ती काढावयाची कीं नाहीं तें मुलगी आणि तिच्या डॉक्टरीणबाई पाहतील. परवां विहीणबाईंचा फोन आला होता. गांठीविषयीं त्यांनीं चौकशी केली नाहीं. दुसरें केव्हां, एवढेंच विचारलें.